रक्त, धूर किंवा पूर

घर आणि नोकरी एकाच छपराखाली कशी चालवायची हे कोणाला शिकायचं असेल, तर त्याने आमच्याकडे येऊन बघावं, असं सूनबाईचं प्रामाणिक मत होतं. प्रामाणिक मतं माणसाने मनात ठेवलेली बरी असतात, पण सूनबाई ठेवत नसे. जिन्यात भेटलेल्या शेजारणीला, फोनवर बहिणीला, जेवायला बसलेल्या नवऱ्याला ती हे मत पुन्हा पुन्हा वाढायची. "घरून काम करताना बायकांच्या नाकी नऊ येतात म्हणे," ती म्हणायची. "येतील नाहीतर काय! काही पद्धत नको का?"

तिला सूनबाई म्हणायच्या त्या खरं तर फक्त सासूबाई. पण त्यांनी लग्नानंतर मारलेली ती पहिली हाक घरादाराने उचलली, नवराही चेष्टेने तेच म्हणायला लागला, तेव्हा आपणही तेच म्हणू.

सूनबाई घरगुती यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात होती. गिझर, मिक्सर, कपडे धुण्याची यंत्रं, जे जे म्हणून ऐन वेळी बंद पडतं त्या सगळ्याच्या तक्रारी तिच्या कानावर यायच्या. त्या विभागात प्रत्येक तक्रारीला रंग असायचा. ठिणगी उडाली, धूर निघाला किंवा घरभर पाणी झालं, तर तक्रार लाल. ती हातातलं काम टाकून थेट वर पाठवायची. यंत्र नुसतं बंद पडलं तर पिवळी, त्याला दुसऱ्या दिवशी माणूस. आणि आवाज येतो, झाकण हलतं, पूर्वीसारखी मजा राहिली नाही, असलं काही असेल तर हिरवी. हिरव्याला गोड आवाजात "आपली नोंद घेतली आहे" म्हणायचं आणि फोन ठेवायचा. तिथे कोणी कोणाला "महत्त्वाचं आहे का?" असं विचारतच नसे. "रंग कुठला?" असं विचारायचे.

रंग ओळखण्यात सूनबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. समोरच्याने नुसतं "हॅलो" म्हटलं की हिला रंग दिसायचा. मग जी पद्धत हजारो अनोळखी घरांत चालते, ती आपल्या एका घरात का चालू नये, असं तिला वाटलं. घरून काम सुरू झाल्यावर तिने आतली लहान खोली ताब्यात घेतली. दाराच्या आतल्या बाजूला जुनी गादी ठोकली, म्हणजे बाहेरचा आवाज आत नको आणि आतला बाहेर नको. दाराबाहेर एक खिळा मारला. त्या खिळ्यावर लाल टॉवेल दिसला की सूनबाई घरात नाही असं समजायचं. ती आहे हे माहीत असलं तरी नाही असंच समजायचं.

"मग कधी वाजवायचं दार?" मुलीने विचारलं होतं.

"तीनच गोष्टी झाल्या तर. रक्त, धूर किंवा पूर."

मुलगी पहिलीत होती आणि घरात तिला वकीलबाई म्हणत. नाव उगाच पडलं नव्हतं. एकदा शाळेत बाईंनी वर्गाला सांगितलं, मी परत येईपर्यंत कोणी एक शब्द बोलायचा नाही, आणि बाई बाहेर गेल्या त्या विसरल्याच. शाळा सुटली. सूनबाई न्यायला गेली तर हे पोर रिकाम्या वर्गात तोंड मिटून बसलेलं. का येत नाहीस विचारलं तरी बोलेना. शेवटी बाईंना शोधून वर्गात उभं केलं, तेव्हा तिने तोंड उघडलं आणि पाणी मागितलं. असलं मूल पोटी आलं याचा सूनबाईला अभिमान होता. नियम पाळणारं माणूस घरात असलं की निम्मं काम झालं, असं ती म्हणायची.

उरलेलं निम्मं काम म्हणजे सासूबाई. त्यांचे गुडघे कामातून गेलेले होते, पण तोंडातून तक्रार म्हणून निघत नसे. त्यांचा मोबाइल मात्र भलताच खणखणीत वाजायचा. एका मीटिंगमध्ये तो दाराबाहेर असा ठणाणा वाजला की साहेब दचकले, आणि तेव्हापासून मीटिंग असली की तो सूनबाईच्या टेबलाच्या खणात, आवाज बंद करून, मुक्कामाला असायचा. घराच्या मुख्य दाराला तिने वर एक कडी लावून घेतली होती, वकीलबाईचा हात पोहोचू नये म्हणून. स्टुलावर चढायचं नाही, गॅसजवळ जायचं नाही, काडेपेटीला हात लावायचा नाही, हे नियम तर जुनेच होते. एकूण काय, सूनबाईने डोळ्यांत तेल घालून सगळा बंदोबस्त केला होता. कुठून म्हणून संकट घरात शिरायला फट ठेवली नव्हती. ते आतूनच आलं तर काय, एवढा एक विचार राहून गेला.

एक दिवस कंपनीत बातमी फुटली की घरून काम बंद होणार, सगळ्यांना ऑफिसात यावं लागणार. सूनबाईचं धाबं दणाणलं. ऑफिस दोन बस बदलून होतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, सकाळी गेला की कुठल्या इमारतीच्या कुठल्या खड्ड्यात उतरलेला असेल याचा पत्ता नाही. पोरीला शाळेतून आणणार कोण, सासूबाईंकडे बघणार कोण? म्हणजे नोकरी सोडावी लागणार. एकदा मुलीच्या जन्मानंतर सोडली होती, तेव्हाचे दिवस ती विसरली नव्हती. त्या काळात "आज जेवायला काय" याशिवाय कोणी तिला काही विचारलं नव्हतं. पुन्हा तसं व्हायला नको, या भीतीने तिची झोप उडाली.

तेव्हा मोठ्या मॅडमनी तिला फोन केला. मोठ्या मॅडम म्हणजे विभागाच्या मुख्य. त्या म्हणाल्या की वरचे अधिकारी ऑनलाइन बैठकीत यावर निर्णय घेणार आहेत, त्याआधी त्यांना एखादं चालतं-बोलतं उदाहरण दाखवायचं आहे. तुम्ही बोला, विषय घर आणि काम यांचा तोल. त्यांना पटलं तर विभागातल्या सगळ्या आयांची परवानगी कायम होईल. नाही पटलं तर कोणाचीच नाही.

सूनबाईने भाषण पाठ केलं. आरशासमोर, भांडी घासताना, केस विंचरताना, ती तोल सांभाळत होती. आदल्या दिवशी सराव करताना लक्षात आलं की खुर्चीची चाकं कुरकुरतात. तेल घातलं तरी कुरकुर जाईना. मग तिने बाथरूममधली रबरी चटई आणून खुर्चीखाली घातली. कुरकुर थांबली. सासूबाई म्हणाल्या, "तिथे जरा निसरडं आहे हं."

"उद्यापुरतीच हो," सूनबाई म्हणाली. आणि सासूबाईंनी मान डोलावली, कारण त्यांनाही ते भाषण आता पाठ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सूनबाईने वकीलबाईला रंगपेटी दिली, सासूबाईंना चहा दिला, त्यांचा मोबाइल खणात ठेवला, कडी लावली, खिळ्यावर टॉवेल अडकवला आणि कानांवर हेडफोन चढवला. हेडफोन असा जाडजूड होता की दोन वाट्या कानांवर उपड्या घातल्यासारख्या वाटायच्या. पडद्यावर अधिकाऱ्यांचे चेहरे एकेक करून उगवले. मोठ्या मॅडमनी ओळख करून दिली आणि सूनबाई सुरू झाली.

सुरू झाली ती अशी की काही विचारू नका. तक्रारींचे रंग तिने घरात कसे आणले, टॉवेल, खिळा, गादी, सगळं तिने रंगवून सांगितलं. "कामाच्या वेळेत मी माझ्या घरात नसतेच," ती म्हणाली, आणि एका अधिकाऱ्याने हे वाक्य लिहून घेतलेलं तिला दिसलं. तिचा आवाज चढला, भीती पळाली. आपण किती छान बोलतो आहोत हे तिचं तिलाच ऐकायला बरं वाटत होतं.

दाराच्या पलीकडे त्या वेळी काय चाललं होतं ते तिला नंतर, दवाखान्यात, तुकड्यातुकड्यांनी कळलं, आणि तेही सगळं नाही. आपण आत्ताच बघून घेऊ.

सासूबाई बाथरूममध्ये गेल्या आणि पाय सटकून पडल्या. पडल्या त्या अशा की कमरेखाली काहीतरी कट्कन वाजलं, आणि मग त्यांना पाय हलवता येईना. आवाज ऐकून वकीलबाई धावत आली. आजी फरशीवर आडवी, चेहरा पांढराफटक, साडी अस्ताव्यस्त. दुसरं कुठलंही मूल असतं तर किंचाळत सुटलं असतं. वकीलबाईने आधी आजीभोवती एक फेरी मारली. डोकं बघितलं, कोपर बघितलं, पाय बघितले.

"रक्त नाही आलं," ती म्हणाली.

"नाही ना? मग ठीक आहे," सासूबाई दात आवळून म्हणाल्या. "बाबाला फोन लाव."

फोन खणात होता. खण खोलीत होता. खोलीवर टॉवेल होता. मग सासूबाईंनी शेजारणीला बोलावायला सांगितलं, तर कडी वर. वकीलबाई म्हणाली, स्टुलावर चढू का, तू परवानगी दिलीस तर चालेल बहुतेक. सासूबाई म्हणाल्या, "नको गं बाई. तूही पडलीस तर तुला उचलू कशी?"

हाका मारून बघितल्या. सासूबाईंचा आवाज दुखण्याने बसलेला, त्यात गादी, त्यात त्या दोन वाट्या. शेवटी वकीलबाईने कायद्यात काही सोय आहे का ते बघायला घेतलं. पूर आणायचा म्हणून तिने नळ सोडला, पण नळाला पाणी नव्हतं, थोडी धार आली आणि गेली. ओली झाली ती फक्त आजी. धूर काढायला काडेपेटी लागणार, आणि तिचं नाव काढताच आजीने डोळे वटारले. तेवढं बळ तिच्यात अजून होतं. राहता राहिलं रक्त. वकीलबाई जराशी उभी राहिली. मग तिने आजीच्या अंगावर पांघरूण आणून घातलं, डोक्याखाली उशी सरकवली, आणि आजीचा शिवणाचा डबा काढायला गेली.

"हे बघ," तिला जाताना बघून सासूबाई म्हणाल्या. डब्यातून ती काय आणणार हे त्यांना कुठून माहीत असणार? "दार वाजवलंसच, तर आईच्या कानात सांग. त्या पडद्यावर सगळे साहेब बसलेत. माझं बाथरूममधलं त्यांच्यासमोर नको. आणि मीटिंग मोडू नकोस तिची. फार दिवस तयारी करतेय ती."

आत सूनबाई नेमकी "नियम कळला की मुलं सुखी होतात" या वाक्याशी आली होती, तेव्हा दारावर जोरात थाप पडली. गादी थरथरली. पडद्यावरच्या सगळ्यांनी ते बघितलं. सूनबाईच्या काळजात धस्स झालं, पण ती तक्रार विभागात मुरलेली बाई होती. "बघा," ती हसून म्हणाली, "आता तुम्हाला आमचं घरचं लाल प्रत्यक्ष दिसेल." आणि तिने खुर्चीत बसल्या बसल्याच हात लांब करून दार उघडलं.

वकीलबाई उभी होती. उजव्या हाताने डाव्या हाताचं बोट धरून.

"रक्त आलंय."

सूनबाईने बोट हातात घेतलं. टोकावर मोहरीएवढा लाल थेंब होता. तिचा जीव भांड्यात पडला. रंगपेटीची कड लागली असणार. "एवढंसंच?" ती म्हणाली.

"किती यायला पाहिजे ते तू सांगितलं नव्हतंस."

पडद्यावर हास्याचा स्फोट झाला. इतका वेळ दगडासारखा बसलेला सर्वात वरचा अधिकारीही खुर्चीत मागे रेलून हसला. मोठ्या मॅडमनी डोळे पुसले. सूनबाईला एकदम आभाळ ठेंगणं झालं. असं दृश्य ठरवून बसवलं असतं तरी इतकं साधलं नसतं!

"हे लाल नाही, वकीलबाई," ती गोड आवाजात म्हणाली. हा आवाज एरवी फक्त गिऱ्हाइकांच्या वाट्याला यायचा. "हे हिरवं. आपली नोंद घेतली आहे."

"मला कानात सांगायचंय."

"नंतर सांग हं."

"आजीने कानातच सांगायला सांगितलंय." पोरगी टाचा उंचावून कानाशी आली आणि हेडफोनच्या वाटीला काहीतरी पुटपुटली. त्या वाटीच्या आत त्या वेळी सर्वात वरचा अधिकारी म्हणत होता की असा स्पष्टपणा आपल्या शाखाप्रमुखांमध्ये असता तर काय हवं होतं.

"आजी कुठे आहे?" सूनबाईने विचारलं.

"बाथरूममध्ये."

"मग ती बाहेर आली की तिच्याकडून पट्टी लावून घे. शहाणी माझी ती."

"ती बाहेर नाही—"

पण दार लागलं होतं. गादी जागच्या जागी बसली. वकीलबाई परत गेली आणि तिने आजीला निकाल सांगितला, की आई हिरवं म्हणाली. सासूबाईंनी डोळे मिटले. "मग थांबू आपण," त्या म्हणाल्या. त्यांना स्वतःला बोटाची भानगड काही कळली नव्हती. दुखण्याने त्यांना आता पुढचं नीट दिसतही नव्हतं.

आत प्रश्नोत्तरं सुरू झाली. एकाने विचारलं, घरात वयस्कर माणूस असेल तर हे सगळं अवघड जात नाही का? "माझ्या सासूबाई अगदी खंबीर आहेत," सूनबाई म्हणाली. "त्यांची कधी तक्रारच नसते." यावर टाळ्या पडल्या. मग आणखी प्रश्न आले, मग आभार, मग आभारांचे आभार, आणि शेवटी सर्वात वरच्या अधिकाऱ्याने जाहीर केलं की परवानगी कायम. सगळ्या विभागाची. सूनबाईने कॅमेरा बंद केला आणि खुर्चीवरच एक गिरकी घेतली. चाकं अजिबात कुरकुरली नाहीत.

बाहेर येऊन तिने मोठ्या रुबाबात खिळ्यावरचा टॉवेल काढला. घर शांत होतं. रंगपेटी जमिनीवर तशीच पडलेली. बाथरूमच्या दारात वकीलबाई छोट्या स्टुलावर पाय जुळवून बसली होती.

"मीटिंग संपली?"

"संपली!"

"टॉवेल काढलास?"

"काढला. हा बघ."

"मग आत ये," वकीलबाई म्हणाली. "आजी पडली आहे."

सासूबाई पांघरुणाखाली थरथरत होत्या. ओठ निळसर झाले होते. उशीशेजारी वकीलबाईने सोबतीला बाहुली ठेवली होती. सूनबाई गुडघ्यावर बसली. आधी बोलल्या त्या सासूबाईच.

"काय म्हणाले गं? मिळाली परवानगी?"

"मिळाली."

"बरं झालं. आता कोणाला तरी बोलाव. मला आता नाही सोसवत."

पुढचा गोंधळ काय सांगावा. नवऱ्याचा फोन लागेना, तो कुठल्या तरी खड्ड्यात. तिच्या हाका ऐकून शेजारी दाराबाहेर जमले, रुग्णवाहिका आली. स्ट्रेचर आत घ्यायचं तर दार उघडेना, कारण घाबरलेल्या सूनबाईलाच वरच्या कडीचा विसर पडला होता, आणि ती खालच्या कुलपाशी झटत बसली होती. "वर," वकीलबाईने शांतपणे सांगितलं. "तू मला पोहोचू नये म्हणून लावलीस ती."

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं की खुब्याचं हाड मोडलं आहे, ऑपरेशन करावं लागेल. पडल्या कधी, हे त्यांनी विचारलं. सूनबाईला माहीत नव्हतं. वकीलबाईला होतं. "आई म्हणाली ना, 'कामाच्या वेळेत मी माझ्या घरात नसतेच', त्याच्या जरा आधी," ती म्हणाली. रोज ऐकून तिलाही भाषण पाठ होतं, आणि गादीतून पुसटसं जेवढं यायचं तेवढं तिला पुरत होतं.

डॉक्टरांना यातून काही उमगलं नाही. "मग लगेच का नाही सांगितलं कोणी?"

"रक्त नव्हतं आलं," वकीलबाई म्हणाली.

डॉक्टरांनी वर सूनबाईकडे बघितलं. सूनबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हजारो लोकांच्या नुसत्या श्वासावरून तक्रारीचा रंग ओळखणारी बाई, आणि आपल्या दारात उभी असलेली लाल तक्रार हिने सगळ्यांसमोर हिरवी ठरवून परत पाठवली होती. वर टाळ्या घेतल्या होत्या.

ऑपरेशन पार पडलं. सूनबाईने रजा टाकली, कारण लिहिलं "घरी आजारपण". त्यापुढे एक अक्षर नाही. खरं सांगितलं तर परवानगी जाईल, आपली जाईल ती जाईल, पण विभागातल्या इतरही बायकांची जाईल, ज्या रोज तिला फोन करून दुवा देत होत्या. रबरी चटई तिने परत बाथरूममध्ये नेऊन घातली, आता तिथे जायला सासूबाई घरात नव्हत्या तरी. नवऱ्याने तिला एका शब्दाने बोल लावला नाही. तो फक्त मुख्य दाराची कडी काढून खाली बसवत राहिला.

मग मोठ्या मॅडमचा निरोप आला. भाषण सगळ्यांना इतकं आवडलं होतं की ते सर्व शाखांसाठी पुन्हा ठेवायचं ठरलं होतं. सूनबाईने तो सासूबाईंच्या खाटेशेजारी बसून वाचला आणि तिला रडू आलं.

"कर की," सासूबाई म्हणाल्या. "या वेळी माझी काळजी नको. मी आधीच पडलेली आहे, आणखी कुठे पडणार?"

सूनबाई रडता रडता हसली. किती दिवसांनी हसली. आणि हसल्यावर तिला वाटलं, करावं. काय बिघडतं? परवानगी टिकेल, बायकांचं भलं होईल, झालं गेलं मागे पडेल. माणसाला स्वतःला माफ करायला फार मोठं निमित्त लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ती घरी स्वयंपाकघरात असताना मॅडमचाच फोन आला. हात पिठाचे होते म्हणून तिने स्पीकर लावला. मॅडमनी वेळ सांगितली, कोण कोण असणार ते सांगितलं, आणि मग आवाज मऊ केला. "आणि तुमच्या मुलीचं ते दार वाजवणं हवंच हं. वरून खास सांगून आलंय. तशीच आली पाहिजे ती, 'रक्त आलंय' म्हणत. विचारा बरं तिला, मी थांबते फोनवर."

वकीलबाई तिथेच बसून चित्र रंगवत होती. सूनबाईने तिला समजावलं की परत एकदा तसंच दार वाजवायचं, एवढंच. गंमत म्हणून.

वकीलबाईने विचार केला. रंगाचा खडू जागेवर ठेवला, उठली, आतून आजीचा शिवणाचा डबा घेऊन आली. त्यातली सेफ्टी पिन काढली, उघडली, आणि डावा हात आईसमोर धरला. एका बोटावर अजून पट्टी होती.

"याचं अजून दुखतंय," ती म्हणाली. "या वेळी दुसरं टोचलं तर चालेल?"

"टोचलं?" सूनबाईला आपलाच आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटला. "तू टोचलं होतंस?"

"मग काय करू? आपोआप येतच नव्हतं. मी आधी वाट बघितली होती."

सूनबाईच्या कानांवर या वेळी वाट्या नव्हत्या, मध्ये गादी नव्हती. शब्द न शब्द ऐकू आला. तिने पिठाच्या हातांनीच ती पिन काढून घेतली आणि ते छोटं बोट मुठीत धरून तशीच खाली फरशीवर बसली.

"काय म्हणाली हो?" फोनमधून मोठ्या मॅडमनी विचारलं. "नीट ऐकू नाही आलं. तयार आहे ना ती?"

"नाही," सूनबाई म्हणाली. "मॅडम, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. त्या दिवसाचं. पहिल्यापासून."

"अहो, आत्ता? माझी मीटिंग सुरू होतेय." मॅडमच्या मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. "रंग कुठला आहे?"

सूनबाईने मुलीच्या बोटावरच्या पट्टीकडे बघितलं.

"लाल," ती म्हणाली.